बेंगळूरची आयबी (इन्व्हेस्टमेंट बँकिंग) नोकरी, पगार भारी, पण मन उडालंय. आपल्या भागातल्यांनी सांगा

रात्रपाळीवाला

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगतो. मी वडगावचा, वय २६, दहावीपर्यंत मराठी मिडियम, बीकॉम बेळगावातच, मग कर्ज काढून पुण्याला एमबीए फायनान्स आणि आता बेंगळुरात एका परदेशी इन्व्हेस्टमेंट बँकेच्या ऑफिसात अ‍ॅनालिस्ट. सीटीसी २२ लाख. मी कुणाला सांगितला नव्हता तरी आमच्या गल्लीत हा आकडा सगळ्यांना पाठ आहे.

काम काय, तर न्यूयॉर्कचे बँकर क्लायंटकडं जाताना जे पिचबुक, म्हणजे काम मिळवायचं प्रेझेंटेशन, घेऊन जातात ते आम्ही इथं बसून बनवतो. कंपन्यांची प्रोफाइलं, तसल्याच दुसऱ्या कंपन्यांचे मल्टिपल (किंमत कमाईच्या किती पट ते), आधी झालेल्या डील्सचा तक्ता, डीसीएफ (पुढं येणाऱ्या पैशावरून कंपनीची आजची किंमत), त्यावर चार्ट. दुपारी ऑफिसला जायचं, तिकडं सकाळ झाली की खरं काम सुरू, आणि तिकडचा माणूस संध्याकाळी घरी निघताना लाल पेनानं खरडलेली पीडीएफ पाठवतो, खाली दोन शब्द, ‘प्लीज फिक्स’. तेव्हा आपल्याकडं पहाटेचे चार वाजलेले असतात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं एक तास मागं जातात की आमची रात्र अजून एक तास लांबते.

तासांचं रडगाणं गायला आलो नाही, ते माहीत असूनच गेलो होतो. मला खायला उठतंय ते वेगळंच. ऐंशी पानांचं डेक, म्हणजे तेच प्रेझेंटेशन, करायचं, त्यातला लोगो दोन मिलिमीटर डावीकडं गेला म्हणून बोलून घ्यायचं, तळटिपेतला फुलस्टॉप शोधायचा, आणि मग कळतंय की मीटिंगमध्ये पहिली चार पानंच उघडली, किंवा मीटिंगच कॅन्सल झाली. बहुतेक पिचमधून डील होतच नाही, हा धंद्याचाच भाग आहे म्हणतात, असेल. पण आमचे बाबा आयुष्यभर लूमवर लुगडी विणत आले, मजुरी काय मिळायची ते सोडा, ते लुगडं कुणीतरी नेसायचं तरी. माझं काम कुणी बघतच नाही.

आणि हे घरी सांगता येत नाही. यंदा मंगाईच्या यात्रेला यायला जमलं नाही तर आई शेजारणीला अभिमानानं सांगत होती, त्याला सुट्टीच देत नाहीत, एवढं मोठं काम आहे म्हणून.

सोडू काय? सोडून करू काय? बेळगावला परत येऊन काही होतंय काय? जे खरं वाटतंय ते सांगा, गोड बोलू नका.

निपाणीचा_वाघ

भावा तुझी नोकरी मला दे आणि माझी तू घे. मी १८ हजारात मायक्रोफायनान्सच्या वसुलीला फिरतोय, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, उन्हातान्हात, आणि बायका दारातनं शिव्या घालतात. मला पण कुणी बघत नाही, बघितलं तर दार लावून घेतात.

रात्रपाळीवाला

@निपाणीचा_वाघ खरंय तुझं. म्हणूनच मित्रांच्यात हा विषय काढत नाही, काढला की हेच ऐकायला मिळतंय आणि त्यावर बोलायला माझ्याकडं काही नसतंय.

मलप्रभा

मी शिक्षिका आहे, खानापूर तालुक्यात. माझा मुलगा पण पुण्यात असल्याच एका ऑडिटवाल्या मोठ्या फर्ममध्ये होता. २०२४ मध्ये पुण्यातच एक २६ वर्षांची सीए मुलगी नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोवर गेली आणि तिच्या आईनं कंपनीच्या चेअरमनना पत्र लिहिलं, ते पेपरात सगळीकडं आलं होतं. मी ते वाचलं आणि त्याच रात्री मुलाला फोन करून सांगितलं, बाळा जमत नसेल तर ये. तो आला नाही, पण पुढच्या सहा महिन्यांत नोकरी बदलली. तुझ्या आईला तू जे सांगितलंस तेवढंच माहीत आहे ना रे? ती शेजारणीला दुसरं काय सांगणार. झोप किती मिळते ते लिहिलं नाहीस, ते आधी सांग.

तिसरं_गेट

सीए आहे, टिळकवाडीत प्रॅक्टिस. दोन गोष्टी.

तासांचा प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही. २०२१ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या पहिल्या वर्षाच्या १३ अ‍ॅनालिस्टांनी आपापसात सर्व्हे करून वरिष्ठांपुढं ठेवला होता, त्यात मागणी काय होती, तर आठवड्याला ८० तासांच्या वर काम नको. ८० तास ही मागणी होती, तक्रार नव्हे, लक्षात घे. नंतर २०२४ मध्ये जेपी मॉर्गननं ज्युनियरांना ८० तासांची मर्यादा घातली, त्याला पण अपवाद ठेवलेच. म्हणजे हा धंदाच असा बांधलाय की खालच्या माणसाचा वेळ फुकट धरलेला असतोय. तू कितीही फास्ट झालास तरी रिकाम्या झालेल्या तासात दुसरं डेक येणार.

दुसरं, २२ लाख म्हणजे नक्की काय ते फोड करून लिही. बोनस किती, फिक्स किती, हप्ते किती. त्याशिवाय सल्ला द्यायला मी ज्योतिषी नव्हे.

खानापूरकर

नारायण मूर्तींनी ७० तास म्हटलं २०२३ ला, एल अँड टी च्या चेअरमननी २०२५ ला ९० म्हटलं. ह्या हिशेबानं तुला अजून मोकळा वेळ आहे, एखादा पार्टटाइम बघ.

जोक सोडा. मी सरकारी बँकेत ऑफिसर आहे. अभ्यासाची सवय अजून मोडली नसेल तर आरबीआय ग्रेड बी ऑफिसरची परीक्षा बघ, वयाची अट ३० पर्यंत, फायनान्सचा पेपर तुला सोपा जाईल. नाबार्ड ग्रेड ए आहे, सेबी आहे. पगार तुझ्या आत्ताच्या पेक्षा कमी पण खोटी धावपळ नाही. फक्त हे पण सांगतो की जागा मोजक्या आणि गर्दी प्रचंड, नोकरी सोडून अभ्यासाला बसायचा वेडेपणा करू नको. आमच्या बँकेकडं पण स्वर्ग म्हणून बघू नकोस, इन्शुरन्स विका, टार्गेट गाठा, रविवारी कॅम्प लावा, सगळं आहे.

सीमाभाग_५६

मूळ मुद्दा कुणी बोलायला तयार नाही. आपली पोरं पुण्या-मुंबई-बेंगळुराला का पळतात? कारण राज्य सरकारच्या नोकरीला कन्नड पाहिजे आणि आपली पोरं मराठी शाळेतली, आणि महाराष्ट्रात गेलं तर तुम्ही कर्नाटकचे. १९५६ पासून लोंबकळतोय, कोर्टात २००४ पासून. हा प्रश्न सुटला असता तर ह्या पोराला रात्री जागायची वेळच आली नसती.

खानापूरकर

@सीमाभाग_५६ सुटला असता तरी न्यूयॉर्कची सकाळ आपल्या रात्रीच झाली असती ओ.

संचालक

सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. इथं मूळ विषयावर बोला.

रात्रपाळीवाला

सगळ्यांचे आभार. मलप्रभा मॅडम, झोप पाच तास, लाइव्ह डील असली की तीन, दिवसा झोपायचं म्हणजे तसली झोप. पित्त वाढलंय, बाकी ठीक.

कन्नडचं म्हणाल तर ते मी बेंगळुरातच शिकलो, आमच्या मेसवाल्या अज्जीच्या कृपेनं. आता बेळगावच्या कुठल्याही ऑफिसात चालून जाईल एवढं येतंय.

फोड अशी. बोनस ४ लाख, तो पण ‘परफॉर्मन्सवर’, गेल्या वेळी पूर्ण मिळाला. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरून लाखभर. उरलं ग्रॉस १७ लाख, हातात महिन्याला एक लाख बावीस हजार येतात. एज्युकेशन लोनचा हप्ता २० हजार. वडगावातलं जुनं घर पाडून नवीन बांधायला घेतलंय, ३० लाखाचं कर्ज वीस वर्षांसाठी, त्याचा हप्ता २६ हजार. घरी १५ हजार पाठवतो, बाबांनी लूम बंद केलेत, गुडघे गेले त्यांचे. बेंगळुरात भाडं, खाणं, येणंजाणं मिळून ३०. उरतंय ते बहिणीच्या लग्नाला म्हणून आरडीत आणि एसआयपीत.

शहापूरची_आक्का

मी तुझ्याच वाटेनं गेलेली आहे, म्हणून लिहिते. शहापूरची, आता मुंबईत. तीन वर्षं आयबीत काढली, मग एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे कंपनीचा पैसा सांभाळणाऱ्या विभागात, आले. आता वय ३४.

तुझा हिशेब मी असा बघते. २२ लाख सोडून साडेबारा लाख ग्रॉसची नोकरी घेतली तर ऐकायला निम्मं वाटतंय ना? गल्लीतल्यांना तर नक्कीच वाटेल. पण टॅक्सच्या न्यू रिजीममध्ये २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखापर्यंत टॅक्सच नाही, त्यामुळं पीएफ कापून हातात साधारण ९८ हजार येतात. म्हणजे महिन्याला फरक पंचवीसएक हजारांचा. वर बोनस गेला, तो टॅक्स जाऊन तुझ्या हातात तीन लाखाच्या आसपास पडत असेल. कमी नाही म्हणत मी, वर्षाला सहा लाख हे सहा लाखच. पण तुझे हप्ते, घर आणि तुझं राहणं मिळून होतात ९१ हजार. ते भागतंय. मोडतंय ते बहिणीच्या लग्नाचं सेव्हिंग आणि गल्लीतला आकडा. यातलं कुठलं तुला जास्त लागतंय ते तुलाच माहीत.

आता कामाबद्दल. तू म्हणतोस माझं काम कुणी बघत नाही. मला पण नेमकं हेच व्हायचं, आणि मी ते बरेच दिवस ‘थकवा’ म्हणून ढकलत होते, सुट्टी घेतली, गोव्याला जाऊन आले, परत पहिल्या दिवशी तेच. ट्रेझरीत आल्यावर फरक काय पडला, तर सोमवारी सकाळी कंपनीच्या खात्यात पैसे कमी आहेत आणि शुक्रवारी पगार करायचाय, तर कुठून आणायचे हा प्रश्न माझा असतो. बँकेच्या कॅश क्रेडिट (सीसी) कर्जाची लिमिट किती उरली, कुठल्या डीलरकडून पैसे यायचेत, डॉलरमध्ये येणारं पेमेंट हेज करायचं (दर आत्ताच बांधून घ्यायचा) की थांबायचं. चुकलं तर दिसतंय, बरोबर आलं तरी दिसतंय. मॉडेल बांधायला तिकडंच शिकले, ते फुकट गेलं नाही. संध्याकाळी साडेसातला घरी असते, क्वार्टर एंड सोडून. रेटिंग एजन्सीत पण असं काम आहे, तिथं तुझ्यासारख्या प्रोफाइलला घेतात, पगार अजून थोडा खाली.

तू सोडावंस असं मी सांगत नाही. आयबीतच वर चढून, क्लायंटसमोर जाऊन, मजेत असलेले लोक पण मी बघितलेत. पण ते बहुतेक मुंबईत डील टीममध्ये बसलेले, तुझ्यासारखं सात समुद्रापलीकडच्या टीमला माल पुरवणारे नव्हेत. तुझ्या खुर्चीतनं क्लायंट कधी दिसणार आहे काय, हे तुझ्या व्हीपीला, वरच्या साहेबाला, सरळ विचार.

उद्यमबाग_अण्णा

आक्कांनी छान लिहिलंय. मी थोडं कडू बोलतो.

माझी उद्यमबागेत फाउंड्री आहे, वडिलांपासून. कास्टिंग कोल्हापूर, पुण्याला जातात. ‘बेळगावला परत येऊन काही होतंय काय’ असं विचारलंस म्हणून सांगतो, परत ये म्हणणारे खूप भेटतील, सकाळी किल्ल्याच्या तलावावर फिरायला, दुपारी आईच्या हातचं जेवण, थंड हवा, संध्याकाळी खडे बाजार. हे सगळं रविवारचं झालं. सोमवारी इथं फायनान्सवाल्याला काम काय? टॅली, जीएसटी रिटर्न, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट. पगार पंचवीस ते पस्तीस हजार. तुझे हप्तेच सेहेचाळीस आहेत. आलास तर सहा महिन्यांत घरच्यांना पण जड होशील आणि स्वतःला पण.

आता दुसरी बाजू. आमच्यासारख्या कारखान्यांचं दुखणं माल खपत नाही हे नव्हेच, पैसे येत नाहीत हे आहे. माल देऊन नव्वद-शंभर दिवस पार्टी बिल अडकवून ठेवते आणि आम्ही तोवर बँकेच्या सीसीवर व्याज भरतो. कायद्यात सोय आहे की ओ, आयकराचं कलम ४३बी(एच) आलंय, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत भागवलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी टॅक्समध्ये धरता येत नाही, पैसे दिले तेव्हाच धरायचा. टीआरईडीएस म्हणून ऑनलाइन पोर्टल आहे, बिल त्यावर चढवलं की बँका बोली लावून पैसे देतात, २५० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची केलीय. पण आमच्या एरियातल्या किती जणांना हे वापरता येतंय? माझा अकाउंटंट बिचारा रिटर्न भरण्यातनंच वर येत नाही. पोर्टलवर पार्टीनं बिल अ‍ॅक्सेप्ट करायला लागतंय, ती करत नाही, मग तिच्या मागं लागायचं कुणी, कुठल्या भाषेत, ऑर्डर न तुटता? हे शहाण्या माणसाचं काम आहे आणि त्याला एका कारखान्यात पगार निघत नाही. आठ-दहा कारखान्यांनी मिळून एक माणूस ठेवला तर निघेल. मी हे आमच्या लोकांच्यात दोनदा बोललो, सगळे माना डोलावतात आणि चहा पिऊन जातात.

तिसरं_गेट

अण्णांच्या मुद्द्याला जोडून, ४३बी(एच) ची भीती घालून काही खरेदीदारांनी उलट छोट्यांकडून माल घेणंच कमी केलं किंवा ‘उद्यम नोंदणी काढून टाका’ म्हणून सांगितलं, हे पण माझ्या क्लायंटांकडं घडलंय. कायदा आला म्हणजे पैसे आले असं नव्हे.

@रात्रपाळीवाला, तुझ्यासाठी व्यवहाराचं. राजीनामा द्यायचाच ठरला तर बोनस खात्यावर पडल्याशिवाय शब्द काढू नको, बऱ्याच ठिकाणी नोटीस पिरियडवर असलेल्याला बोनस देत नाहीत, अपॉइंटमेंट लेटरमध्ये काय लिहिलंय ते वाच. नोटीस ९० दिवसांची असेल तर नवी कंपनी बायआउट (उरलेल्या नोटिशीचे पैसे) देते काय विचार. बोनस आला की तो एज्युकेशन लोनमध्ये घाल, घराच्या कर्जापेक्षा त्याचं व्याज जास्त असणार, आणि न्यू रिजीममध्ये असशील तर शिक्षणकर्जाच्या व्याजावरची ८०ई ची सवलत तुला तशीही मिळत नाही. पैसे भरल्यावर बँक आपोआप मुदत कमी करते आणि हप्ता तोच ठेवते, तुला हप्ता कमी करून पाहिजे तर तसा लेखी अर्ज दे. आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातोय, आईबाबांचा वेगळा काढ, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ इन्शुरन्सवर जीएसटी नाही. गुडघ्याचं दुखणं आधीपासूनचं म्हणून वेटिंग पिरियड लागेल, जेवढ्या लवकर काढशील तेवढं बरं.

निपाणीचा_वाघ

एवढा फुकट सल्ला मला कुणी दिला असता तर मी आज मॅनेजर असतो.

मलप्रभा

सगळं पैशाचं झालं. बाबांशी बोललास काय रे? आई सोड, आईला आपण काहीही पटवतो. ज्यानं तीस-चाळीस वर्षं मजुरीवर लूम चालवले त्याला नोकरी नकोशी होणं म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही, असं मला वाटतं.

सीमाभाग_५६

मलप्रभाताईंशी सहमत. (विषयावरच बोललोय, संचालकांनी नोंद घ्यावी.)

रात्रपाळीवाला

उशिरा उत्तर देतोय, एक डील चालू होती, ती परवा मेली.

दिवाळीला घरी जाऊन आलो. व्हीपीला पण विचारलं होतं, आक्कांनी सांगितलं तसं. तो माणूस वाईट नाही, सरळ म्हणाला की इथल्या टीममधून क्लायंटसमोर जायचं तर तिकडं ट्रान्सफर मिळायला पाहिजे, ती वर्षाला एखाद्याला मिळते आणि यंदाचा माणूस ठरलेला आहे. निदान कळलं.

बाबांशी बोललो. मला वाटलं होतं चिडतील नाहीतर गप्प बसतील. त्यांनी आधी विचारलं, तू तिथं नक्की काय करतोस ते सांग. मी लॅपटॉपवर जुनं एक पब्लिक प्रेझेंटेशन दाखवलं, असलंच असतंय म्हणून. त्यांनी बराच वेळ स्क्रोल केलं आणि म्हणाले छपाई चांगली आहे. मग बोनस कधी येतोय विचारलं, मी म्हटलं फेब्रुवारी. तर म्हणाले तोवर थांब, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब आत्ता घालायचा नाही, खालच्या तीन खोल्या आपल्याला पुरेत. बँकेनं कर्जाचा शेवटचा टप्पा अजून दिलेला नाही, तो उचलायचा नाही असं ठरलं, म्हणजे हप्ता वीस हजाराच्या आसपास राहील. तिसरं गेट साहेब, तुमचाच सल्ला बाबांनी दिला, तो पण फी न घेता. आई मात्र दोन दिवस बोलली नाही, अजून पण फोनवर तुटक बोलते. तिला वेळ लागेल.

तर सध्या असं: फेब्रुवारीपर्यंत इथंच, तोवर दोन-तीन कंपन्यांच्या ट्रेझरीत आणि एका रेटिंग एजन्सीत अर्ज. एका ठिकाणी पहिला राउंड झाला, त्यांनी वर्किंग कॅपिटल सायकल (मालात घातलेला पैसा किती दिवसांनी परत येतो ते) विचारली आणि मी पुस्तकी उत्तर दिलं, ते त्यांना पण कळलं. म्हणून अण्णा, एक विनंती आहे. तुमच्या कारखान्याचे देणेघेणे, कुठल्या पार्टीकडं किती दिवस, सीसीचं व्याज किती जातंय, हे नावं झाकून एक्सेलमध्ये मिळेल काय? मी रविवारी बसून ते मांडून देतो. तुम्हाला उपयोग झाला तर झाला, मला निदान खरे आकडे हाताळायला मिळतील.

उद्यमबाग_अण्णा

एक्सेल कुठलं रे, निम्मं टॅलीत आहे, निम्मं माझ्या डायरीत आणि थोडं माझ्या मेव्हण्याच्या डोक्यात. पुढच्या वेळी आलास की कारखान्यावरच ये, व्यनि (खासगी निरोप) केलाय, नंबर घे. जेवण आमच्याकडं. आणि काम आवडलं तर शेजारच्या दोघांना पण बोलावून ठेवतो, पैसे किती घेणार ते आधी ठरवून ये, फुकट केलंस तर त्यांना किंमत राहणार नाही.

शहापूरची_आक्का

अण्णांची डायरी वाचता आली तर पुढच्या राउंडला कसलीच भीती नाही. रेझ्युमे मला पाठव, आमच्याकडं जागा नाही पण ओळखीत विचारते.

निपाणीचा_वाघ

आक्का, वसुलीचा अनुभव असलेला माणूस पण लागत असेल तर सांगा. अण्णा तुमच्या त्या पार्ट्यांच्या मागं लागायला कुणी मिळत नाही म्हणालात ना, मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही भाषांत शिव्या खायची सवय आहे मला.

उद्यमबाग_अण्णा

@निपाणीचा_वाघ तू पण ये. गंमत नाही, खरंच ये.